कूलर नाशिकलाच ठेवा : आखातातला पहिला उन्हाळा कसा काढायचा

दर वर्षी मार्च-एप्रिलात आमच्या सिडकोतल्या गल्लीतलं एखादं पोरगं नवाकोरा पासपोर्ट घेऊन माझ्या दारात उभं राहतं. कुणाला शारजाला मेंटेनन्समध्ये काम लागलेलं असतं, कुणाला दोह्याला गोदामात, तर एखादी ताई नवऱ्यापाठोपाठ अबुधाबीला निघालेली असते. प्रश्न एकच: "काका, तिकडं ऊन लई असतं म्हणे?" मी उलट विचारतो, मे महिन्यात मालेगावला गेलायस कधी? हो म्हणाला की सांगतो, मग ऊन तू पाहिलंयस. न वाळणारा घाम पाहायचा राहिलाय.

सातपूरच्या आयटीआयमधून एसी-फ्रीजचा ट्रेड करून मी तिकडं गेलो आणि नऊ उन्हाळे दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करण्यात काढले. पहिला उन्हाळा मात्र मी नाशिकच्या अकलेनं काढायला गेलो आणि तोंडावर आपटलो. म्हणून हे सगळं क्रमानं सांगतो.

आधी घामाचं गणित

आपल्याकडचे उन्हाळ्याचे झाडून सगळे उपाय एकाच युक्तीवर चालतात: पाणी वाळलं की गारवा येतो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, वाळ्याचा पडदा भिजवला की झुळूक गार लागते, कूलर तेच काम पंखा लावून करतो आणि डोक्यावरचा ओला पंचाही तेच. घाम म्हणजे अंगावरचा माठच. पण पाणी वाळायला हवा कोरडी लागते.

नाशिकला एप्रिलच्या दुपारी ३९ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक साधारण २२ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे माठाला आणि कूलरला तिथवर जायला वाव आहे. आखाताच्या किनाऱ्यावर ऑगस्टच्या संध्याकाळी ३६ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तोच तापमापक ३० अंशांवर अडतो. तापमान नाशिकपेक्षा तीन अंशांनी कमी, तरी कूलरने जास्तीत जास्त मिळेल ती ३० अंशांची, पाण्याने जड झालेली हवा. घाम येतो, ओघळतो, बुटात साचतो, पण अंग गार करत नाही. पाणी आणि मीठ तेवढं फुकट जातं.

याची चव आपल्याला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मिळते. इगतपुरीपर्यंत खिडकीतून बरी हवा येते, कसारा घाट उतरला की शर्ट पाठीला चिकटायला लागतो. तो चिकटपणा तिप्पट करा आणि रात्रीसुद्धा तसाच राहतो असं समजा.

कुठं चाललात ते नकाशावर बघा

"गल्फ" म्हणून सगळं एकच नाही. रियाध समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, तिथली झळ आपल्या ओळखीची, कोरडी. तिथं ओला पंचा चालतो. दुबई, शारजा, अबुधाबी, दोहा, मस्कत, दमाम ही सगळी किनाऱ्यावरची गावं. मस्कत सोडलं तर तिथला समुद्र उथळ, सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी तापून ३२ अंशांच्या वर जातं आणि वाफ हवेत सोडत राहतं. सौदीतल्या धहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान, ३५ अंशांवर नोंदला गेला होता. आपल्या त्वचेचं तापमानही साधारण तेवढंच असतं. त्या हवेत घाम वाळणार कुठून?

फोनवरच्या हवामानात तापमान बघायची सवय सोडा आणि 'दवबिंदू' शोधा, बहुतेक ठिकाणी तो खाली 'ड्यू पॉइंट' म्हणून असतो. माझा ढोबळ हिशोब असा: २० च्या खाली असेल तर बिनधास्त फिरा. २४ झाला की चिकचिक सुरू. २७ च्या पुढे गेला की बाहेरचं काम तुकड्या-तुकड्यांत करा, मग तापमान ३४ का असेना. आर्द्रतेची टक्केवारी एकटी फसवते, कारण पहाटे ती नेहमीच चढलेली दिसते. वर लिहिलेल्या नाशिकच्या दुपारी दवबिंदू १२ होता, आखाताच्या संध्याकाळी २८.

निघण्याआधी

कामावर कधी रुजू व्हायचं हे तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबर मागा. नोव्हेंबर ते मार्च तिकडं हवा सुरेख असते, माणसं मुद्दाम फिरायला येतात. बहुतेकांच्या हातात ते नसतं, कंपनी म्हणते जुलैत या. मग निघण्याच्या ऐन आधी आठ-दहा दिवस मुंबईला आत्या-मावशीकडे राहून या आणि रोज तासभर पायी हिंडा. शरीराला तेवढीच तोंडओळख होते.

रक्तदाबाची गोळी चालू असेल, विशेषतः लघवी वाढवणारी, तर डॉक्टरांना "दमट गरमीत कामाला चाललोय" असं स्पष्ट सांगून डोस विचारून घ्या. औषधांची मूळ चिठ्ठी जवळ ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं अमिरातीत नियंत्रित आहेत. आधी परवानगी न काढता नेऊ नका.

आता बॅग. सुती पंचे न्या, जाड टर्किश टॉवेल नको, तो तिथं वाळतच नाही आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. ओआरएसची पाकिटं, सब्जा, कोकमाचं आगळ. आणि इथं एक गोष्ट ठळक लिहितो, कारण आईच्या हातून नेमकी हीच चूक होते: खसखस अमिरातीत बंदी घातलेल्या पदार्थांत आहे. नुसती पुडीच नव्हे, थंडाईच्या मसाल्यात, अनारशांवर, लाडवात लावलेलीसुद्धा. विमानतळावर त्यापायी माणूस आत जाऊ शकतो. वाळ्याला हिंदीत 'खस' म्हणतात, ते वेगळं. तरी बाटलीवर नाव नीट वाचता येत नसेल तर ती बाटली घरीच राहू द्या.

पहिले दोन आठवडे हळू

शरीर दमट गरमीला सरावतं, पण त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. सरावलेल्या माणसाला घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जातं. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिचा सल्ला असा की नव्या माणसाने गरमीतलं काम पहिल्या दिवशी नेहमीच्या २० टक्केच करावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. फोरमनला हे आकडे पाठ नसतील, तुम्ही पाठ करा. पहिल्याच दिवशी हिंमत दाखवायला जाणारे पाहिलेत मी, त्यात मीही होतो.

सुट्टीवर नाशिकला महिनाभर येऊन परत गेलात की हा सराव बहुतेक उतरलेला असतो. जुने जाणते तिथंच फसतात. "मला काय नवीन आहे" म्हणत पहिल्या दिवशी छतावर चढतात.

घरातली हवा: माझा विषय, म्हणून जरा लांबण

नाशिकला आपण संध्याकाळी खिडक्या उघडतो. तिकडं संध्याकाळी खिडकी उघडली म्हणजे समुद्र घरात घेतला. ऑगस्टमध्ये दुबईचं रात्रीचं किमान तापमानही ३० च्या आसपास राहतं, तेव्हा "रात्री गार वारा सुटेल" ही आशा सोडा. खिडक्या बंद. न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा अंघोळीनंतर दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि बंद करा. तो दिवसभर चालू राहिला की घरातली गार हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच दमट हवा दाराच्या फटीतून आत ओढतो. निम्म्या तक्रारी मी या एका बटणावर मिटवल्या आहेत.

एसीची दोन कामं: हवा गार करणं आणि हवेतलं पाणी काढणं. दमट गावात दुसरं काम मोठं. म्हणून थर्मोस्टॅटवरचा पंखा 'ऑन'वर ठेवू नका, 'ऑटो'वर ठेवा. 'ऑन'वर कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहतो आणि कॉइलवर, म्हणजे एसीच्या आतल्या गार नळ्यांवर, जमलेलं पाणी परत खोलीत उडवतो. खोली गार, पण गादी ओलसर, ही तक्रार तिथूनच येते. भिंतीवरचा स्प्लिट असेल तर पाऊस पडल्यासारखी ओल वाटेल त्या दिवशी 'ड्राय' मोड लावा, रिमोटवर थेंबाचं चिन्ह असतं. १८ वर लावल्याने साधा एसी लवकर गार करत नाही, फक्त थांबत नाही. दुबईच्या वीज-पाणी संस्थेचं, देवा तिचं नाव (आपल्या देवाशी संबंध नाही), सांगणं २४ अंश ठेवा असं आहे. वर मंद पंखा लावला तर २५-२६ लाही छान झोप लागते.

फिल्टर उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी काढून धुवा. तिकडची धूळ मैद्यासारखी बारीक. फिल्टर चोंदला की कॉइलवर बर्फ धरतो, मग पाणी ड्रेनऐवजी तुमच्या गादीवर. ड्रेनच्या पाइपात शेवाळ साचतं, पाणी ठिबकायला लागलं की मेकॅनिकला आधी ड्रेन बघायला सांगा, गॅस भरायला नाही. गॅस 'कमी झालाय' म्हणणारा दर वेळी खरं बोलत नसतो. हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगतोय.

भाड्याची खोली बघताना विचारायचा शब्द 'चिलर फ्री'. म्हणजे गारव्याचं बिल मालकाकडे. नसेल तर काही इमारतींत गारव्याचं बिल वेगळ्या कंपनीकडून येतं आणि एसी बंद ठेवला तरी ठराविक आकार भरावा लागतो. नुसतं भाडं स्वस्त बघून सही केलेल्यांचे चेहरे मी पहिल्या बिलाच्या दिवशी पाहिलेत.

ऑगस्टात सुट्टीवर निघालात तर एसी पूर्ण बंद करू नका, २७-२८ वर सोडून जा. एका घरी महिनाभराने कपाट उघडलं, तर चामड्याच्या पट्ट्यावर, लग्नातल्या कोटावर, पायताणांवर हिरवी बुरशी. आत्ताच धुतलेले कपडेही त्याच खोलीत वाळवू नका, तेवढं सगळं पाणी एसीला पुन्हा काढावं लागतं. आणि बाल्कनीत रस्त्यावरून दिसतील असे कपडे टांगलेले दुबईच्या महापालिकेला चालत नाहीत. बाल्कनीतच, कठड्याच्या खाली बसणारा स्टँड घ्या.

नळ उलटे वापरा

हे कळायला मला तीन आठवडे आणि एक भाजलेली पाठ लागली. पाण्याच्या टाक्या छतावर, दिवसभर उन्हात. जुलैत 'गार' नळ सोडला की चहाचं पाणी येतं. उपाय असा: जून लागला की गीझरचं बटण बंद करा आणि अंघोळीला 'गरम'चा नळ वापरा. गीझरची टाकी घरात, एसीच्या सावलीत असते, त्यातलं पाणी घराइतकंच गार झालेलं असतं. पण टाकी संपली की मागून छतावरचं पाणी येतं, म्हणून एका खोलीत सहा जण असाल तर पाळ्या लावा. पहाटे चारला उठणारा राजा. आम्ही रात्री दोन बादल्या भरून झाकण ठेवून खोलीतच ठेवायचो.

पाणी, मीठ आणि ताक

तहान लागेपर्यंत थांबू नका. बाहेर काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरला थोडं कमी. पण घटाघटा पिण्याची शर्यतही नको. तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही माणसाला पाडतं. लघवीचा रंग बघत जा. फिकट पिवळी ठीक, गडद झाली की मागे पडलात.

दोन तासांपेक्षा जास्त घाम गाळत असाल तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चमचे सपाटच, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. एरवी जेवणातलं मीठ पुरतं, मिठाच्या गोळ्या खाऊ नका.

घरची आठवण आलीच तर दुकानात 'लबान' मागा. ते आपलं ताकच, जरा दाटसर. त्यात जिरेपूड आणि मीठ घातलं की झालं. एनर्जी ड्रिंकचे डबे उन्हात काम करताना नकोत. खिशात कांदा ठेवायचा का, असं एकाने विचारलं होतं. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, कांद्याचा अपमान मी करणार नाही, पण तो कोशिंबिरीत जास्त कामाचा.

कपडे आणि कातडी

सुती कपडा चांगला हे कोरड्या गावात खरं. जाड सुती शर्ट किनाऱ्यावर अर्ध्या तासात भिजतो आणि दिवसभर भिजलेलाच राहतो. पातळ, सैल सुती किंवा लिननचा घ्या, नाहीतर खेळाडूंचा झटपट वाळणारा कपडा. पिशवीत कोरडी बनियन आणि मोजे जादा. बुटांचे दोन जोड, एकाआड एक दिवस.

घामोळं येणारच. गार पाण्याने धुऊन कोरडं करणं हाच खरा उपाय, त्यावर तेल चोपडू नका. जांघेत, काखेत गोल लालसर चट्टा उठून खाजायला लागला तर ते गजकर्ण. मित्राकडची स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब लावू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. डॉक्टरांना दाखवा.

चष्मेवाल्यांनो, दारातून बाहेर पडलात की काच धुकटते, दोन मिनिटं पायऱ्या उतरू नका. गाडीत पॉवर बँक, लायटर, डिओचा डबा ठेवू नका. आणि लहान मूल गाडीत एक मिनिटही नाही, एसी चालू असला तरी नाही.

दुपारची सुट्टी हा हक्क आहे

अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला मनाई आहे. मोडलं तर कंपनीला माणशी ५,००० दिरहम दंड, एकूण ५०,००० पर्यंत. सौदीत त्याच तारखांना बारा ते तीन. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते साडेतीन. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट, अकरा ते चार. ओमानमध्ये त्याच तीन महिन्यांत साडेबारा ते साडेतीन.

कागदावर हे छान आहे. माझी पहिली कंपनी मात्र प्रत्येक बंद पडलेल्या एसीला 'इमर्जन्सी' म्हणायची. एका ऑगस्टमध्ये दुपारी दोनला मी छतावर कंडेन्सर उघडून बसलो होतो. हातात स्पॅनर होता आणि मला त्याला काय म्हणतात ते आठवेना. बरोबरचा मल्याळी सहकारी काही न बोलता मला दंडाला धरून जिन्यात घेऊन गेला. त्याने ओळखलं, मी ओळखलं नव्हतं. एकट्याने छतावर जाऊ नका, हा नियम तेव्हापासून माझा. आणि कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते, नाव गुप्त ठेवून.

माणूस पडला तर

चक्कर, पेटके, मळमळ, गार चिकट अंग: सावलीत न्या, बूट सैल करा, घोट घोट ओआरएस द्या. पण माणूस बरळायला लागला, विचित्र वागला, नाव विचारलं तर भलतंच सांगितलं किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हे खोटं. काम करताना पडलेल्या माणसाला घाम चालूच असू शकतो. अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८ लावा आणि वाट बघत बसू नका. कपडे काढा आणि गार करा. इथं पुन्हा पहिलं गणित: नाशिकला ओलं फडकं आणि वारा पुरेसा ठरेल, दमट हवेत नुसतं ओलं करून भागत नाही. बर्फाचं पाणी अंगभर ओता, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा, शक्य तर टबमध्ये बसवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि ऑगस्ट

सगळ्यात अवघड महिना तोच. इकडून आई फोनवर सांगते, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या (पूर किती ते आम्ही त्या मूर्तीवरून मोजतो) कमरेला लागलं. तुम्ही तिकडं बसस्टॉपच्या काचेच्या खोलीत एसीखाली उभे. तेव्हा फोन लवकर ठेवू नका, पावसाचा आवाज ऐकवायला सांगा.

तिकडचे लोक २४ ऑगस्टच्या सुमारास पहाटे आग्नेयेला सुहेल तारा शोधतात. तो दिसला की उन्हाळा वळला असं त्यांचं जुनं गणित. सुहेल म्हणजे आपला अगस्ती, ज्याच्या उदयाने नद्यांचं गढूळ पाणी निवळतं असं आपण म्हणतो. मला हे एका बलुची वॉचमनने छतावर दाखवलं, आणि मी त्याला नगर जिल्ह्यातल्या अकोले गावच्या, प्रवरेकाठच्या अगस्ती आश्रमाबद्दल सांगितलं. पण तारा दिसला म्हणून त्याच दिवशी काही गार होत नाही, सप्टेंबर तसाच चिकट जातो. खरी खूण न्हाणीघरात मिळते. ऑक्टोबरच्या शेवटाकडे एखाद्या सकाळी चुकून 'गार'चा नळ सोडाल आणि पाणी खरंच गार येईल. त्या दिवशी गीझरचं बटण परत चालू करा.